डोळ्या-हाताचा मेळ बसवायचे घरगुती व्यायाम: कोणी केलेत का?

वळेसर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमचा बाबू तिसरीत आहे, शाळा फोंड्याला. चेंडू टाकला की ह्याचे हात मिटेपर्यंत चेंडू छातीला लागून खाली, नाहीतर चेंडू अजून हवेत आणि हात आधीच बंद. वहीत अक्षरं ओळीवर टेकत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घेण्यात वर्गात शेवटचा, वाचताना ओळ सुटते म्हणून बोट ठेवतो आणि थोड्या वेळात डोळे चोळायला लागतो. सगळ्यांचं म्हणणं एकच, लक्ष नाही, मोबाइल काढून घ्या. चष्म्याच्या दुकानात नेला तर तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचून मोकळा, सिक्स बाय सिक्स, जा घरी.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रीतसर नेला. तिथल्या मॅडमनी पट्टीवरचा एक ठिपका हळूहळू त्याच्या नाकाकडे सरकवत आणला, मी समोरच बसले होते, आणि नाकापासून चांगला वीतभर लांब असतानाच त्याचा उजवा डोळा सुटला आणि बाहेर कानाच्या बाजूला गेला. डावा ठिपक्यावर, उजवा भलतीकडे. "आता दोन झाले" म्हणाला. मग इतके दिवस सांगितलं का नाहीस, तर म्हणे सगळ्यांनाच होतात ना दोन.

निदान कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी. म्हणजे जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवून एका जागी धरून ठेवणं जमत नाही. काही व्यायाम क्लिनिकमध्ये करून घेतात आणि काही घरी दिलेत. घरचे लिहिते.

लोंबता चेंडू. आमचं घर जुनं, माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट वर्षभर वरच असते, तिच्या मधल्या पट्टीला सुतळी बांधून स्पंजचा चेंडू सोडलाय, त्यावर स्केचपेनने अक्षरं काढलीत. आधी खाली चटईवर उताणं पडून डोकं न हलवता नुसत्या डोळ्यांनी चेंडूच्या मागे मागे जायचं. मग उठून बसायचं, चेंडू झुलत असताना मी अक्षर सांगणार आणि त्याने बरोब्बर त्याच अक्षरावर बोट टेकवायचं. तिसरा प्रकार लाटण्याचा. लाटण्याला लाल-पिवळी-हिरवी चिकटपट्टी गुंडाळलीय, दोन्ही हातांनी आडवं धरायचं, मी "लाल" म्हटलं की लाल भागानेच चेंडू ढकलायचा, हलकेच, धोपटायचा नाही. सासूबाईंना माटोळीला चेंडू बांधलेला अजिबात पसंत नाही, चवथीच्या आधी तो तिथून गेला पाहिजे असं बजावलंय. पण परवा मी आतून बघते तर स्वतःच स्टुलावर बसून "हिरवा, अरे हिरवा म्हटलं ना मी" चाललेलं.

मण्यांची दोरी. जाड दोरीत तीन रंगांचे मणी, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याला धरायचं. जवळच्या मण्याकडे बघ, मग मधल्या, मग लांबच्या.

हीर आणि स्ट्रॉ. शहाळ्याचा स्ट्रॉ मी आडवा धरायचा, त्याने नारळाच्या झाडूची हीर बाजूने आणून त्याच्या भोकात घालायची, चाचपडत नाही, एका झटक्यात. हे सगळ्यात अवघड जातं त्याला.

कॅलेंडर. भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक आकडा वाचायचा, मग हातातल्या छोट्या कागदावरचा एक, परत भिंतीवरचा.

माझे प्रश्न असे की हे सगळं करून चेंडू पकडायला येईल का, अक्षर सुधारेल का, आणि आणखी काय करून घेता येईल? पावसाचे दिवस आहेत, अंगणात जाता येत नाही, सोप्यावर जेवढं होईल तेवढंच.

पणजीकरीण

वाचनखूण साठवली. माझ्या मुलीचंही "आळशी आळशी" ऐकून डोकं पिकलंय.

ऑप्टो_म्हापसा

वळेसर ताई, छान लिहिलंत. मी ह्याच धंद्यातला, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, तक्ता फक्त एवढंच सांगतो की एकेका डोळ्याला लांबचं किती बारीक दिसतं. दोन डोळे जवळ एकत्र येतात का, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नीट उडी मारतात का, जवळ-लांब फोकस बदलतो का, हे तक्त्यावर कळतच नाही. त्यामुळे शाळेतल्या तपासणीत पास झालेलं पोर ह्या बाबतीत नापास असू शकतं. ठिपका नाकाकडे आणतात तेव्हा साधारण ६ सेंटिमीटरपर्यंत दोन्ही डोळे टिकले तर ठीक धरतो आम्ही, तुमच्याकडे वीतभरावरच सुटला म्हणजे बऱ्यापैकी लांब.

आता पुरावा. २००८ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, ९ ते १७ वयाची २२१ मुलं, १२ आठवडे, चार गट. आठवड्यातून एकदा क्लिनिकमध्ये थेरपी आणि घरी आठवड्यातले पाच दिवस फक्त १५ मिनिटं, ह्या गटातली सुमारे ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसतं पेन्सिल नाकाजवळ आण-ने करणारी ४३ टक्के. घरी कॉम्प्युटरवर करणारी ३३. आणि चौथ्या गटाला थेरपीसारखं दिसणारं पण खोटं काहीतरी करून घेतलं होतं, तिथेही ३५ टक्के. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण म्हणूनच "आमच्या शेजारच्याचा मुलगा अमुक करून बरा झाला" ह्याला फारसा अर्थ नसतो. क्लिनिक सोडू नका, घरचं त्याच्या जोडीला.

मण्यांच्या दोरीला आम्ही ब्रॉक स्ट्रिंग म्हणतो. त्यात बघायचं काय ते सांगितलं का तुम्हाला? ज्या मण्याकडे बघतो तो एक दिसला पाहिजे, बाकीचे दोन-दोन, आणि दोरी एक असूनही दोन दिसून बरोब्बर त्याच मण्यापाशी एकमेकींना छेदायला हव्यात. मधल्या मण्याकडे बघताना फुली दिसेल. दोऱ्या मण्याच्या अलीकडेच किंवा पलीकडे छेदत असतील तर डोळे चुकीच्या अंतरावर मिळतायत. आणि एकच दोरी दिसत असेल तर मेंदू एका डोळ्याचं चित्र गाळतोय, ते लगेच मॅडमना कळवा. मुलांना "फुली कुठाय" विचारलं की खेळ वाटतो. "नीट बघतोयस ना" विचारलं की हो म्हणून मोकळी.

लोंबत्या चेंडूला मार्सडन बॉल म्हणतात. माटोळीला बांधलेला मी तरी आजवर ऐकला नव्हता :)

संकासुर

सगळं ठीक आहे हो ऑप्टो बाब, पण दुसरी बाजू पण लिहा की. माझ्या भाच्याला एका ठिकाणी "व्हिजन थेरपी"चं पॅकेज गळ्यात मारलं, भाषा काय तर वाचन सुधारेल, एकाग्रता वाढेल, गणिताचे मार्क वाढतील. पैसे आगाऊ. पोराला डिस्लेक्सिया आहे हे नंतर दुसरीकडे कळलं, तोवर एक अख्खं शैक्षणिक वर्ष चेंडू टोलवण्यात आणि मणी बघण्यात गेलं. त्या पोराला अक्षर आणि उच्चार जोडून शिकवणारं माणूस हवं होतं, डोळ्यांना काहीएक झालं नव्हतं.

ऑप्टो_म्हापसा

@संकासुर, शंभर टक्के बरोबर आणि हे आमच्यातल्याच लोकांनी मोठ्याने बोलायला हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये मिळून निवेदन काढलं होतं की डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही आणि डोळ्यांच्या व्यायामाने तो जात नाही. वर सांगितलेल्या चाचणीच्याच पुढच्या भागाचे निकाल २०१९ मध्ये आले, ३११ मुलं, प्रश्नच हा होता की कन्व्हर्जन्स सुधारली की वाचून समजणं सुधारतं का. डोळे सुधारले. वाचून समजण्यात मात्र खऱ्या आणि खोट्या थेरपीच्या गटांत फरक पडला नाही.

म्हणजे वळेसर ताई, दोन दिसणं, डोळे दुखणं, ओळ सुटणं हे कमी व्हावं ही अपेक्षा ठेवा. मार्कांची हमी कोणी देत असेल तर तिथून उठा.

संकासुर

हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी लॉगआउट होता होता थांबलो.

डिचोलीचा_मास्तर

आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलं शिकवली, आता रिटायर. हे वाचून वाटलं की आमच्या वेळी ह्या थेरपीला सुट्टी म्हणत.

लगोरी घ्या. आधी नेम धरून फोडायची, मग पळता पळता चकत्या एकावर एक रचायच्या, पाठीत चेंडू बसायच्या आत. कोयंडो-बाल म्हणजे विटीदांडू, विटीच्या टोकावर मारून ती हवेत उडली की तिथल्या तिथे टोला. भोवरा, जाळी गुंडाळून फेकायचा आणि फिरता फिरता तळहातावर घ्यायचा. सागरगोटे तर विचारूच नका, एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलून परत वरचा झेलायचा, नजर वर आणि बोटं खाली. मुली ह्यात इतक्या पटाईत असत की मुलगे लाजून खेळत नसत. पावसात घरात बसून खेळता येतो तो हाच. गजगे मिळाले तर उत्तम, नाहीतर पाच गुळगुळीत खडे.

बाबूचं अक्षर ओळीवर टेकत नाही म्हणता, त्याला पेन्सिल देण्याआधी ठिपक्यांची रांगोळी द्या. पाटीवर खडूने पाच ते पाच ठिपके, तुम्ही नमुना काढा, त्याने शेजारी तसाच जोडायचा. बघून मोजून हात बरोबर त्या ठिपक्यावर न्यायचा, ह्यापेक्षा वेगळं काय हवं. आणि जुन्या पेपरातल्या एका परिच्छेदात सगळ्या "ळ"ना गोल करायला सांगा, डावीकडून उजवीकडे, ओळ न सोडता. मी हे दुसरीच्या वर्गाला देत असे, वर्ग शांत बसे हा जास्तीचा फायदा.

हातकाम

मास्तर, सागरगोट्यांना माझ्याकडून +१.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आहे, म्हणजे रोजची कामं हाताला जमवून देणारी, लहान मुलांबरोबरच काम करते. वळेसर ताईंच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला खटकली ती अशी की चेंडू न पकडता येणं, अक्षर खराब असणं आणि डोळे आत न वळणं ही तिन्ही एकाच कारणाने आहेत असं सगळे धरून चाललेत. असेलही. पण नसूही शकतं. साधारण ५ ते ६ टक्के शाळकरी मुलांना हालचालींचा मेळ बसवण्याचीच अडचण असते, त्याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, डीसीडी. त्यांचे डोळे उत्तम असले तरी चेंडू सुटतो. तेव्हा मला सांगा, शर्टाची बटणं लावतो का, बुटाची नाडी? जेवताना सांडतं का? सायकल येते का? पाण्याची बाटली उघडता येते? ह्यातलं बरंच अडत असेल तर एकदा ओटीकडूनही बघून घ्या, नुसत्या डोळ्यांवर सोडू नका.

दुसरं महत्त्वाचं. डीसीडीच्या बाबतीत जे काम करतं असं दिसलंय ते अगदी सरळ आहे, जे यायला हवंय तेच शिकवायचं. चेंडू झेलायचाय तर चेंडू झेलायचा सराव, नाडी बांधायचीय तर नाडीचाच. चेंडूच्या व्यायामाने अक्षर सुधारत नाही, अक्षराला अक्षरच गिरवावं लागतं.

चेंडू झेलायचा क्रम मी असा ठेवते. पहिल्यांदा पातळ ओढणी वर उडवून झेलायची, ती इतकी सावकाश येते की हाताला विचार करायला वेळ मिळतो. मग फुगा, जमिनीला लागू न देता, एकदा उजवा हात एकदा डावा. मग उकड्या तांदळाची पिशवी, जुन्या चादरीचा तुकडा शिवून मूठभर तांदूळ भरायचे, तळहाताएवढी. ही हातात पडली की तिथेच बसते, चेंडूसारखी उसळून पळत नाही, त्यामुळे "जमलं" हे लवकर म्हणता येतं. मग मोठा मऊ चेंडू एक टप्पा घेऊन, मग टप्प्याशिवाय, मग लहान. टाकणाऱ्याने छातीच्या उंचीवर, खालून, "एक दोन घे" म्हणून टाकायचं. घाई करतात ते बाप लोक, दुसऱ्या दिवशी टेनिस बॉल आणि तो पण जोरात.

फुग्याच्या बाबतीत एक, फुटलेले तुकडे लगेच उचला, लहान भावंडं तोंडात घालतात आणि घशात अडकतं.

अवांतर: लिहायला बसताना पाय लोंबकळतात का बघा. पायाखाली पाट द्या. निम्म्या मुलांना मी आधी पाटच लिहून देते.

वळेसर

देव बरें करूं हातकाम ताई. नाडी येत नाही, बटणं येतात, सायकल तीन चाकी सोडली नाही अजून. बाटली मीच उघडते. आता भीती वाटायला लागली.

हातकाम

भिऊ नका. यादी करून न्या एवढंच, काय येतं काय नाही. तपासणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. आणि बाटली उद्यापासून त्यालाच उघडू दे.

रोंबाट

मला एक सांगा, आमचे कोच नेटमध्ये दिवसभर ओरडतात की बॉलवरची नजर हलवू नको, शेवटपर्यंत बघ. मग हा बाबू नजर ठेवायला शिकला की झालं ना? एवढं कशाला.

ऑप्टो_म्हापसा

@रोंबाट, मजेशीर आहे ते. इंग्लंडमध्ये मायकल लँड म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी आणि मॅक्लाउडनी फलंदाजांच्या डोक्याला कॅमेरा लावून बॉलिंग मशीनसमोर उभं केलं आणि डोळे कुठे जातात ते टिपलं, २००० सालचं काम. फलंदाज बॉलकडे सतत बघतच नाहीत. हातातून सुटताना बघतात, मग नजर उडी मारून जिथे टप्पा पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, टप्पा पडला की पुन्हा थोडा वेळ बॉलबरोबर. चांगल्या फलंदाजाची ती उडी लवकर होते. म्हणजे कोचचं खोटं नाही, पण नजर चिकटवून ठेवण्यापेक्षा पुढे कुठे न्यायची हे शिकणं जास्त.

ह्याच लँडनी १९९९ मध्ये माणसं चहा करताना डोळे कुठे जातात तेही बघितलं होतं. किटलीकडे हात जायच्या साधारण अर्धा सेकंद आधी डोळा तिथे पोचलेला असतो आणि हातातलं काम पुरतं संपायच्या आत तो पुढच्या वस्तूवर गेलेला असतो. डोळा हाताचा मुकादम आहे, पुढे जाऊन जागा दाखवतो. म्हणूनच हीर-स्ट्रॉच्या व्यायामात "हात सावकाश, आधी भोकाकडे नीट बघ, मग एकदाच" असं सांगा. चाचपडू दिलं तर स्पर्शाने जमतं आणि डोळ्याला काम राहत नाही. आणि हो, हिरेचं टोक मोडून बोथट करा, तोंडासमोर धरायचं नाही, छातीच्या उंचीवर, तुमचा हात मध्ये.

रोंबाट

कोचना ही लिंक पाठवली तर मला बारावा खेळाडू करतील.

तारवटी

बोटीवरून लिहितोय, नेट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून एकदमच लिहितो.

माझा डावा डोळा आळशी, अँब्लिओपिया. लहानपणी गावात कोणी तपासलाच नाही, कारण एका डोळ्याने सगळं दिसत होतं, कोणाला काय कळणार, मलाही नाही. बोटीवर जाण्यासाठी मेडिकल केली तेव्हा डोळ्यावर हात ठेवून वाच म्हटलं आणि डाव्याने वरचं मोठं अक्षर सोडून काही दिसेना. पुढे एका डॉक्टरनी मला ती माशी दाखवलेली, काळसर चष्मा घालून बघायचं मोठ्या माशीचं चित्र, म्हणाले पंख चिमटीत धरा. ज्यांचे दोन्ही डोळे एकत्र काम करतात त्यांना पंख कागदाच्या वर उचललेले दिसतात आणि ते हवेतच चिमूट धरतात. मी सरळ कागदावर नख लावलं. मला ती सपाटच दिसत होती, शेजारची नर्स हसायला लागली.

मी गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात काम करतो. जगमधून ग्लासात ओतताना आधी जगचं तोंड ग्लासच्या काठाला हळूच टेकवतो आणि मगच तिरका करतो, नाहीतर टेबलक्लॉथवर. कोणाच्या लक्षात येत नाही. सुईत दोरा मात्र मी सोडून दिलाय. तरी गावच्या टीममध्ये विकेटकीपर होतो, कारण चेंडू मोठा होत जातो, सावली सरकते, डोकं हलवलं की जवळची वस्तू जास्त हलते, ह्यावरून अंतर कळतं. क्रिकेटवाल्या मन्सूर अली खान पतौडींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहेच, १९६१ मध्ये मोटार अपघातात उजवा डोळा गेला आणि त्याच वर्षअखेरीस कसोटीत पदार्पण, एकूण ४६ कसोट्या आणि सहा शतकं. तेव्हा एका डोळ्याने काहीच होत नाही असं नाही.

पण ताई, तुमच्याकडे कोणाचं लहान पोर असेल तर एकेक डोळा झाकून बघा. माझं वय टळून गेलं. बाबूचं टळलेलं नाही.

ऑप्टो_म्हापसा

@तारवटी, मनापासून आभार. अँब्लिओपियात उपचार वेगळे, आधी योग्य नंबरचा चष्मा, मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. मध्यम प्रकारच्या अँब्लिओपियात दिवसाला २ तास पट्टी लावली तरी ६ तासांएवढाच फायदा होतो असं २००३ च्या चाचणीत दिसलं, त्यामुळे पूर्वीसारखी दिवसभर पट्टीची शिक्षा राहिली नाही. पट्टी असताना चित्र रंगवणं, मणी ओवणं असलं जवळचं काम द्यायचं. सात वर्षांच्या आत सगळ्यात चांगलं, पण मोठ्या मुलांतही सुधारणा होते, सात ते सतरा वयापर्यंत केलेल्या अभ्यासात काहींची झालेली आहे. म्हणून दहावीतलं पोर असलं तरी "आता उशीर झाला" असं घरीच ठरवू नका.

पणजीकरीण

आमच्या आजीचा प्रश्न. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं बाकी आहे, तेव्हापासून चहा कपाच्या बाहेर ओतते आणि पायरी उतरताना पाय आधी हवेत चाचपते. तिला चालतील का हे व्यायाम?

ऑप्टो_म्हापसा

व्यायाम नको. दोन डोळ्यांची चित्रं सध्या वेगवेगळी येतायत, एक लख्ख आणि एक धुरकट, म्हणून अंतराचा अंदाज चुकतो. दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं ते डॉक्टरना विचारा, तोवर पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा आणि चहा तुम्ही ओता.

चष्मेबहाद्दर

त्राटक कोणीच लिहिलं नाही? रोज समईच्या ज्योतीकडे न मिटता बघितलं की चष्मा जातो असं आमच्याकडे सांगतात, शिवाय तळवे चोळून डोळ्यांवर ठेवणे वगैरे.

संकासुर

तुमचा आयडी बघता फरक पडलेला दिसत नाही.

ऑप्टो_म्हापसा

:) मनाला बरं वाटत असेल तर शांत बसा, तळवेही ठेवा. पण लांबचं न दिसण्याचा नंबर बहुतेक वेळा डोळ्याच्या गोळ्याच्या लांबीमुळे येतो, डोळा लांबट झालेला असतो, तो व्यायामाने आखूड होत नाही. अमेरिकेत बेट्स नावाच्या डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी हेच विकलं होतं. मुलांचा नंबर लागूच नये म्हणून करण्यासारखं एक आहे, रोज उजेडात बाहेर खेळणं, दोन तासांच्या आसपास. पावसात सोप्यावर का होईना.

वळेसर

सगळ्यांचे आभार. मास्तरांचे खडे आणले, कासारपालच्या ओढ्यातले, आणि सध्या सासूबाईच जिंकतात. बटणं-नाडी-सायकलची यादी तयार आहे, ओटीची वेळ घेतलीय.

ऑप्टो बाब, फुली विचारली. जवळच्या मण्यापाशी दोऱ्या छेदतात पण मण्याच्या पुढे, लांबच्या बाजूला, आणि थोड्या वेळाने म्हणतो एकच दोरी राहिली. उजवीकडची गेली की डावीकडची ते त्याला सांगता येत नाही. दुसरं म्हणजे व्यायामानंतर कपाळ दुखतं म्हणतो. चालू ठेवू का?

ऑप्टो_म्हापसा

पलीकडे छेदतात म्हणजे डोळे मण्यापर्यंत आत पोचत नाहीत, ते तुमच्या निदानाशी जुळतंच. जवळचा मणी आणखी लांब सरकवा, जिथे फुली मण्यावरच बसते तिथे, आणि तिथून दर खेपेला बोटभर आत. दोरी नाहीशी झाली की डोळे मिटायचे, उघडून लांब बघायचं, परत सुरू. कोणती गेली ते कळायला दोरीच्या टोकाशी नाकाजवळ एकेक डोळा झाकून बघायला लावा, तो शिकेल.

थोडं कपाळ दुखणं सुरुवातीला होतं, अर्ध्या तासात थांबलं पाहिजे. एका बैठकीत पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका आणि झोपायच्या वेळेला नको, थकलेला असतो. पण उलट्या, रोज सकाळी डोकेदुखी, अचानक लांबचंही दोन दिसायला लागणं, डोळा एकदम तिरळा होणं किंवा फोटोत बाहुली पांढरी दिसणं, ह्यातलं काहीही कोणाच्याही मुलात दिसलं तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) नेत्रविभाग आहेच.

एक दोरी नाहीशी होते हे मॅडमना फोन करून आजच सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. जाताना तीच दोरी घेऊन जा, मणी कुठे होता तिथे पेनाने खूण करून.

वळेसर

खूण केली. फोन लागला, सोमवारी बोलावलंय.